गॅरेज सेलमधील जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री : प्रकल्प नोंदी

७ मार्च

घर बदलताना, वडीलधाऱ्यांच्या पश्चात त्यांचे घर रिकामे करताना किंवा नुसतीच अडगळ कमी करावी म्हणून लोक गॅरेजमध्ये जे सामान विकायला मांडतात, त्यातून निवडक वस्तू घ्यायच्या, त्या तपासून, स्वच्छ करून, गरजेपुरती डागडुजी करून नेमक्या माहितीसह ऑनलाइन विकायच्या, आणि असा उद्योग फावल्या वेळात पदरमोड न करता चालतो का हे जमाखर्चावरून ठरवायचे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. भागीदार दोघेच आहोत. खरेदी आणि दुरुस्ती माझ्याकडे आहे. छायाचित्रे, हिशेब आणि ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार ताईने स्वतःकडे घेतला आहे. सुरुवातीला फिल्मचे कॅमेरे, शिलाई मशीन, चांदीची व मुलाम्याची भांडी, ग्रामोफोनच्या तबकड्या, पुस्तके आणि काचसामान असे प्रकार हाताळायचे ठरले आहे.

काय घ्यायचे नाही, याची यादी मात्र आधी केली. वापरलेले हेल्मेट घ्यायचे नाही, कारण आतला फोम एकदा जोरात दबला की त्याचे काम संपते आणि ते बाहेरून दिसत नाही. मोटारीतली लहान मुलांची आसने घ्यायची नाहीत, कारण त्यांना मुदत असते आणि ती एखाद्या अपघातातून गेली आहेत का, हे नव्या मालकाला कळण्याचा मार्ग नसतो. बाजू खाली सरकणारे पाळणे तर अमेरिकेत जून २०११पासून विकण्यासही बंदी आहे, आणि ती बंदी जुन्या मालालाही लागू आहे. अशा वस्तू नेमक्या गॅरेज सेलमध्येच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वच्छ पुसलेल्या दिसतात.

८ मार्च

हिशेबाची वही आखली. प्रत्येक नगासमोर खरेदी, प्रवासातला वाटा, साफसफाईचे व दुरुस्तीचे साहित्य, वेष्टन, संकेतस्थळाचे कमिशन, कुरिअर आणि शेवटी आम्हा दोघांचा वेळ असे रकाने ठेवले. वेळेचा रकाना ठेवण्याचा आग्रह ताईचा. तिच्या मते हा उद्योग करणारी बहुतेक माणसे तोच एक रकाना गाळतात आणि म्हणून सगळ्यांना नफाच दिसतो.

खरेदीची कमाल मर्यादा उलट्या दिशेने काढायची. आधी तशीच वस्तू अलीकडे प्रत्यक्षात किती भावाला विकली गेली ते पाहायचे. संकेतस्थळावर किती मागितले जात आहेत, त्याकडे लक्ष द्यायचे नाही, कारण वर्षभर तशीच पडून असलेली वस्तूही त्या यादीत दिमाखात दिसत असते. झालेल्या विक्रीतला सर्वांत वरचा आकडाही सोडून द्यायचा आणि मधला घ्यायचा. त्यातून सगळे खर्च वजा करून जे उरेल, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त मोजायचे नाहीत. उरलेला निम्मा भाग नफा म्हणून धरलेला नाही. जी वस्तू खपणारच नाही तिची भरपाई त्यातूनच करावी लागते.

१४ मार्च

पहिली फेरी झाली. पिशवीत विजेरी, लहान भिंग, लोहचुंबक, अतिनील किरणांची छोटी विजेरी, मोजपट्टी, बटनसेल, सुई-दोरा आणि मऊ फडके एवढे सामान होते. सेल उघडताच गेले तर निवड चांगली मिळते आणि भाव हलत नाही; दुपारी गेले तर भाव हलतो, पण मांडणीत उरलेल्या वस्तू बहुधा उरण्याच्याच लायकीच्या असतात. आम्ही लवकर जाण्याचे ठरवले आहे. ज्या वस्तूंची पारख आपल्याला आहे त्या इतरांच्या नजरेतून निसटतातच, असे गृहीत धरणे महागात पडते.

एका टेबलावर ऑलिम्पस ट्रिप ३५ होता. हा कॅमेरा १९६७ ते १९८४ या काळात तयार होत होता आणि त्याला बॅटरीचा सेलच लागत नाही. भिंगाभोवतीच्या बुडबुड्यांसारख्या दिसणाऱ्या कड्यामागे सेलेनियमचा प्रकाशमापक असतो, तोच उजेडातून वीज निर्माण करतो. त्यामुळे तो जागच्या जागी, कोणतीही तयारी न करता तपासता येतो. मालक जवळच खुर्चीवर बसले होते. त्यांना म्हटले, “काका, हा जरा तपासून पाहू का?” ते म्हणाले, “पाहा की. वीस-पंचवीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही.”

मागचे झाकण उघडण्याआधी फिल्म गुंडाळण्याची चिमटीएवढी मूठ बाणाच्या दिशेने अगदी हलके फिरवून पाहिली. ती मोकळी फिरली, म्हणजे आत फिल्म नव्हती. ओढ लागली असती तर झाकण उघडले नसते, कारण आतल्या फिल्मवर कुणाचे तरी घरचे फोटो असू शकतात आणि उजेड लागला की ते गेले. मग भिंगावरचे छिद्राचे कडे ‘ए’ (स्वयंचलित) या खुणेवर आणून कॅमेरा उजेडाकडे धरला आणि बटन दाबले. शटर वाजले. पुन्हा चाक फिरवून, या वेळी भिंगावर तळहात ठेवून बटन दाबले, तेव्हा व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कडेला लाल पट्टी वर आली आणि बटन अडकले. प्रकाश अपुरा आहे हे मापकाला कळले आणि त्याने शटर रोखले, म्हणजे सेलेनियम जिवंत आहे. लाल पट्टी आलीच नसती आणि अंधारातही शटर उडाले असते, तर तोच कॅमेरा आमच्यासाठी फक्त शोभेचा ठरला असता.

भाव सांगितला त्याला आम्ही लगेच होकार दिला नाही. शेजारची कातडी पिशवी आणि दोन फिल्टर मिळून एकच आकडा विचारला. एकत्र घेतल्यावर विकणारा आपणहून उतरतो, आणि घासाघीस करताना समोरच्याच्या वस्तूला नावे ठेवावी लागत नाहीत. वडिलांनी हौसेने घेतलेल्या कॅमेऱ्याला त्यांच्याच मुलासमोर जुनाट म्हणायचे आणि वर भाव पाडून मागायचा, हे मला कधीच पटलेले नाही. परतताना ताई म्हणाली, “तू भाव करायला जातोस की आठवणी ऐकायला?” दोन्ही, असे मी तिला सांगितले, आठवणी ऐकताना वस्तू कशी वापरली गेली ते कळते, आणि ते पुढे विकताना लिहिता येते.

१५ मार्च

कॅमेऱ्यांची घरी केलेली तपासणी. भिंगाच्या एका बाजूने विजेरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने तिरके पाहिले. धूळ असली तरी चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर ती बुरशी असते आणि काचेवरचा लेप तिने खाल्लेला असेल तर पुसूनही उपयोग होत नाही. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत विरघळून चिकट झालेला असतो. तो बदलणे सोपे आहे, मात्र वेळ खाणारे आहे.

पाऱ्याच्या सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल एक गोष्ट वहीत वेगळी लिहून ठेवली. १९६०-७०च्या दशकांतील अनेक प्रकाशमापक १.३५ व्होल्टचा स्थिर दाब गृहीत धरून बनवलेले आहेत. पाऱ्यामुळे होणाऱ्या प्रदूषणापायी ते सेल बंद झाले, आणि त्यांच्या जागी तेवढ्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की काटा हलतो खरा, पण चुकीचा आकडा दाखवतो. ‘मापक चालू आहे’ एवढेच लिहून असा कॅमेरा विकणारे पुष्कळ आहेत. आम्ही श्रवणयंत्रात वापरतात तो झिंक-एअर सेल घालून, आधुनिक मापकाशी ताडून, किती फरक येतो तो वर्णनात देणार आहोत.

२१ मार्च

शिलाई मशीन. ही नोंद लांबणार आहे, कारण या एका प्रकारात जितके शिकायला मिळाले तितके बाकीच्या सगळ्यांत मिळून मिळाले नाही.

काळ्या रंगाचे, सोनेरी नक्षीचे सिंगर मशीन दिसले की विकणारा हमखास म्हणतो, “शंभर वर्षांपूर्वीचे आहे.” असेलही, पण सिंगर कंपनीने ही मशीन इतक्या प्रचंड संख्येने बनवली की केवळ वयामुळे त्यांना भाव येत नाही. वय कळण्यासाठी पायाजवळ ठोकलेला क्रमांक पाहावा लागतो. नुसते आकडे असतील तर मशीन साधारण १९००च्या आधीचे असते. त्यानंतर क्रमांकाआधी अक्षर येऊ लागले, आणि ‘एफ’ हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याचे आहे, जो १८८०च्या दशकात उभा राहिला आणि १९८०मध्ये बंद झाला. क्रमांकांच्या ज्या याद्या उपलब्ध आहेत, त्यांतली तारीख ही क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला दिल्याची आहे. ते विशिष्ट मशीन त्याच दिवशी तयार झाले असे ती सांगत नाही. म्हणून वर्णनात ‘अमुक वर्षाच्या सुमाराचे’ असे लिहायचे.

भाव ठरवणारी खरी गोष्ट सरकपट्टीखाली असते. ती बाजूला सरकवली की बॉबिन (खालच्या दोऱ्याचे रीळ) दिसते, किंवा तिची रिकामी जागा दिसते. २७ व १२७ या मॉडेलांत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शटल, म्हणजे खालचा दोरा नेणारा भाग, आणि त्यात बसणारी लांब, बारीक बॉबिन असते. शटलच हरवलेले असेल तर ते शोधून विकत घेण्यात नफ्याचा मोठा भाग जातो. १५ क्रमांकाच्या मॉडेलची गोल बॉबिन आजही सर्रास मिळते आणि सुईही आजचीच चालते, त्यामुळे ज्याला खरोखर शिवायचे आहे असा ग्राहक तेच मागतो. १८६५मध्ये बाजारात आलेले १२ क्रमांकाचे मॉडेल दिसायला सर्वांत देखणे, पण त्याच्या सुया आता बनत नाहीत. सुयांचे जुने पाकीट खणात सापडले तर मशीनइतकेच ते पाकीट जपून ठेवावे.

आज पाहिलेले मशीन १५ क्रमांकाचे होते. चाक माझ्याकडे फिरवून पाहिले तर ते जागचे हलेना. मालकीणबाई म्हणाल्या, “जाम झालंय ते, शोभेला ठेवा.” चाकाला जोर न लावता, मधली चकती सैल करून फक्त चाक फिरवले, ते मोकळे फिरले. म्हणजे तुटलेले काही नव्हते, तर वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे आतले तेल सुकून चिकट राळेसारखे झाले होते, आणि ते निघण्याजोगे असते. दाबपट्टीचा पाय वर-खाली होत होता, कापड पुढे सरकवणारे दाते झिजलेले नव्हते, बॉबिन केस जागेवर होती. विजेची मोटर मागाहून जोडलेली होती. तिच्या वायरीवरचे रबर बोट लावताच भुगा होऊन पडले. ती कोणत्याही परिस्थितीत प्लगमध्ये लावायची नाही, असे मालकीणबाईंनाही सांगितले, कारण त्यांनी मशीन आम्हाला दिले नसते तरी कुणी तरी ती लावून पाहिलीच असती.

२२ मार्च

मशीन सुटायला दुपार लागली. प्रत्येक तेलछिद्रात थोडे रॉकेल, मग थांबणे, मग चाक अंगठ्याएवढे पुढे-मागे, पुन्हा रॉकेल. चाक पूर्ण वळल्यावर रॉकेल पुसून काढून शिलाई मशीनचे तेल घातले. बाहेरच्या अंगाला मात्र रॉकेल किंवा स्पिरिट लागू द्यायचे नाही. सोनेरी नक्षीवर लाखेचा पारदर्शक थर असतो, स्पिरिट तो विरघळवते आणि नक्षी एका पुसण्यात रुपेरी पडते. बाहेरून मशीनचेच तेल फडक्यावर घेऊन पुसले. शेवटी जाड कापडाच्या दोन थरांवर टाके घालून पाहिले. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध गुंतला, तेव्हा तो तुकडा तसाच दाबपट्टीखाली ठेवून ताईने छायाचित्र काढले. सोन्याच्या नक्षीपेक्षा ग्राहकाला तो टाक्यांचा तुकडा अधिक सांगतो, असा माझा अंदाज आहे.

२८ मार्च

चांदी. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे चांदी, हा समज पुसून टाकण्यासारखा आहे. पितळ, तांबे आणि जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला निकेलचा मिश्रधातू) यांनाही तो चिकटत नाही, त्यामुळे त्या चाचणीने फार तर पोलाद वगळता येते. तळाशी ‘ई. पी. एन. एस.’ अशी अक्षरे असतील तर ते निकेल मिश्रधातूवर विजेने चढवलेले चांदीचे पाणी आहे. या पद्धतीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४०मध्ये घेतले आणि तेव्हापासून घराघरांत चांदीसारखी दिसणारी भांडी आली. इंग्लंडच्या अस्सल चांदीवर चालणाऱ्या सिंहाचा छाप असतो, जो लंडनमध्ये १५४४पासून वापरात आहे, आणि त्याच्याजवळ वर्ष सांगणारे अक्षर असते. मेणबत्तीच्या स्टँडवर अस्सल चांदीचा छाप असला तरी तळाशी ‘वेटेड’ लिहिलेले आहे का ते पाहायचे. आत सिमेंट किंवा डांबरासारखी भर असते आणि चांदीचा नुसता पापुद्रा असतो, म्हणून तराजूवर आलेल्या वजनाला चांदीच्या भावाने गुणणे म्हणजे सिमेंट विकत घेणे आहे.

या प्रकारात मला रस कमी आहे. जाणकार सराफ पहाटेच येऊन गेलेले असतात.

४ एप्रिल

तबकड्या. एलपी, म्हणजे विनाइलची जास्त वेळ वाजणारी तबकडी, १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने आणली. त्याआधीच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या, जड आणि ठिसूळ असतात. दोन्ही एकाच पेटीत मिळतात, पण साफ करण्याची रीत एक नाही, कारण विनाइलला चालणारे स्पिरिट लाखेची तबकडी खराब करते. दर्जा ठरवण्यासाठी एकाच दिव्याखाली तबकडी तिरकी धरून पाहायची; नुसत्या दिसणाऱ्या बारीक रेषा बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत, नखाला लागणारा ओरखडा हमखास वाजतो. संग्राहकांत ‘निअर मिंट’, ‘व्हेरी गुड प्लस’, ‘व्हेरी गुड’ अशी उतरंड रूढ आहे आणि तिच्यात ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे. ‘गुड’ म्हणजे वाजते, पण सोबत खरखरही वाजते. हे ठाऊक नसलेला विकणारा प्रामाणिकपणे ‘गुड’ लिहितो आणि माल पडून राहतो.

५ एप्रिल

पुस्तके. मागच्या आवरणावरचा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) दहा आकड्यांचा असेल तर प्रत बहुधा २००७च्या आधीची, कारण त्या वर्षापासून तेरा आकडे आले. आणि अजिबात नसेल तर बहुधा १९७०च्या आधीची. ओलसर वास येत असेल तर पुस्तक घेऊ नये, तो वास कपाटातल्या इतर पुस्तकांनाही लागतो. याहून अधिक लिहावे असे काही हाती आले नाही.

११ एप्रिल

आज वर्णने आणि छायाचित्रे यांवरच काम केले, आणि माझ्या मते या उद्योगाचा कणा इथेच आहे.

१९७०मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की मालाचा खरा दर्जा फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर ग्राहक सगळ्याच मालाला वाईट धरून भाव देतो, मग चांगला माल असलेले त्या भावात विकायला तयार होत नाहीत आणि बाजारात रद्दी उरते. पुढे २००१मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे हाच विचार होता. आमच्यासारख्या लहान विक्रेत्याला त्यातून व्यवहाराची गोष्ट निघते ती अशी, की ग्राहकाच्या मनातली शंका दूर करण्यासाठी जे काही करावे लागते त्यालाच तो पैसे देतो. गॅरेजमध्ये पडलेली वस्तू आणि आम्ही विकलेली वस्तू यांत धातू, काच, लाकूड सारखेच असते. मधल्या काळात तिच्याबद्दलची अनिश्चितता कमी झालेली असते, आणि भावातला बहुतेक फरक त्या कामाचा आहे.

म्हणून ताईने छायाचित्रांचा क्रम ठरवला. पहिले पूर्ण वस्तूचे. त्यानंतर लगेच दोषांचे: टवका, केसासारखी चीर, गंज, झिजलेला मुलामा, प्रत्येकाशेजारी मोजपट्टी धरून. खूण, क्रमांक आणि छाप त्यापुढे. दोष शेवटी टाकले तर ग्राहक तिथपर्यंत जात नाही आणि माल परत येतो. खिडकीजवळचा सावलीतला उजेड वापरायचा, दिव्याचा झोत नको. झोतात चकाकी दिसते पण ओरखडे लपतात.

वर्णनातील शब्दांबद्दलही काही ठरवले. ‘उत्तम अवस्थेत’ हे शब्द वापरायचे नाहीत. ‘तपासले नाही’ असे आमच्याकडून कधीच लिहिले जाणार नाही, कारण अनुभवी ग्राहक त्याचा अर्थ ‘तपासले, चालत नाही’ असाच घेतो आणि बहुधा तो बरोबर असतो. चालत नसेल तर काय चालत नाही ते लिहायचे. बिघडलेल्या मालालाही गिऱ्हाईक असते: पिएर ओमिड्यार यांनी १९९५मध्ये जे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले आणि जे पुढे ईबे झाले, त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून सांगितला जातो तो एक मोडलेला लेझर पॉइंटर.

१८ एप्रिल

शिलाई मशीन गेले. ग्राहक स्वतः येऊन, चालवून पाहून, घेऊन गेला. मशीन कुरिअरने पाठवायचेच नाही असे ठरवले आहे. ओतीव लोखंडाचे धड पेटीत हलले की आपल्याच वजनाने चाकाकडचा भाग मोडते.

हलक्या मालाचा त्रास वेगळा. हवाई कुरिअर खरे वजन आणि आकारावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल ते लावतात, आणि रूढ हिशेब लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागण्याचा आहे. ४० सेंटिमीटरच्या घनाकार खोक्यातली दिव्याची छत्री प्रत्यक्षात किलोभरही नसते, पण हिशेबात ती १२.८ किलोंची होते. तेव्हापासून मी सेलमध्ये मोजपट्टी खिशात न ठेवता हातात ठेवतो.

२५ एप्रिल

काचसामान. अतिनील विजेरी टाकल्यावर फिकट हिरव्या-पिवळ्या रंगाची एक वाटी झगझगीत हिरवी पेटली. हे युरेनियम मिसळलेल्या काचेचे लक्षण आहे. मँगनीज असलेली काचही हिरवट उजळते, पण मंद, आणि विजेरी जवळ नेल्याशिवाय कळत नाही. संग्राहक युरेनियमच्या काचेला चांगला भाव देतात, ती शोभेसाठी ठेवतात. आम्ही वर्णनातही ‘शोभेसाठी’ असेच लिहिले. काच बांधायला दोन खोकी लागतात, आतल्या आणि बाहेरच्या खोक्यात चहूबाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भर. पेटी हलवल्यावर आतून आवाज आला तर पुन्हा उघडायची.

९ मे

एका घरी पुस्तकांच्या खोक्याच्या तळाशी पत्रांचा गठ्ठा निघाला. तो तिथेच परत दिला. टपाल तिकिटांसाठी लोक असे गठ्ठे ठेवून घेतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या वहीत त्याला रकाना नाही.

त्याच सेलमध्ये अवघड प्रश्न समोर आला. आम्ही भिंगांची एक जोडी उचलली होती, चिठ्ठीवर लिहिलेला भाव खऱ्या भावाच्या मानाने अगदीच थोडा होता, आणि पैसे देताना बाईंनी विचारले, “याचे खरे किती येत असतील हो?” यावर माझे मत स्पष्ट आहे. विकणाऱ्याने स्वतः ठरवलेला भाव द्यायला हरकत नाही. पारख हेच या धंद्याचे भांडवल आहे आणि ती मिळवायला आम्ही वेळ घातलेला आहे. पण सरळ प्रश्न विचारला की सरळ उत्तर द्यायचे. मी साधारण भाव सांगितला, त्यात साफ करणे, तपासणे, कमिशन आणि पाठवणी यांत किती जाते तेही सांगितले. बाईंनी एक भिंग ठेवून घेतले, दुसरे थोड्या वाढीव भावाने आम्हाला दिले. ताईच्या मते मी बोललो नसतो तर दोन्ही मिळाली असती. तसे झाले असते हे खरे आहे, पण त्याच बाईंनी नंतर फोन करून त्यांच्या भावाच्या घरी निघणाऱ्या सामानाची खबर दिली, हेही वहीत नोंदवायला हवे.

१६ मे

वेळेचा रकाना बेरीज करून पाहिला आणि चित्र बरेच बदलले. तबकड्यांत टक्केवारीने नफा सर्वांत जास्त, पण एकेक तबकडी धुणे, ऐकणे, दर्जा लिहिणे आणि पाठवणे यांत जाणारा वेळ धरला तर तासाला जवळजवळ काहीच पडत नाही. पुस्तकांचे त्याहून वाईट. चांदीत वेळ कमी लागतो, मात्र नग मिळत नाहीत. कॅमेरे आणि शिलाई मशीन या दोहोंतच तासाचा हिशेब जमतो, आणि कारण एकच दिसते: दोन्हींत बिघाड आणि हरवलेला भाग हे जागेवर ओळखता येतात, आणि ते ओळखणारे ग्राहकही असतात जे तपशिलाचे पैसे देतात. मशीनच्या बाबतीत न अपेक्षिलेली गोष्ट म्हणजे सुट्या भागांची मागणी. धड तडकलेले एक मशीन आम्ही उघडले, आणि त्यातली शटल, सरकपट्टी, बॉबिन केस व दाबपट्टीच्या पायांचा संच हे सगळे वेगवेगळे गेले. पूर्ण मशीनपेक्षा एकूण अधिक आले आणि प्रत्येक भाग पाकिटात मावला.

ताईने सुचवले आहे की यापुढे रकान्यांत आणखी एक घालावा, वस्तू घरात किती काळ राहिली याचा. जागेला भाडे द्यावे लागत नसले तरी फळीवर अडकून बसलेली वस्तू नव्या खरेदीची जागा खाते.

३० मे

तबकड्या एका व्यापाऱ्याला एकगठ्ठा दिल्या. पुस्तके वाचनालयाने घेतली. काचसामान विकून झाले की नवे घ्यायचे नाही; युरेनियमची काच समोर आली तर अपवाद करायचा की नाही यावर आमचे एकमत झालेले नाही.

मशीनच्या सुट्या भागांसाठी मॉडेल क्रमांकानुसार खोकी केली आणि कोणत्या शटलला कोणती बॉबिन लागते याची तालिका झाकणाला चिकटवली. पुढच्या शनिवारी एका शिंप्याचे दुकान आवरले जाणार आहे. तिथे गेल्यावर मशीनकडे वळण्याआधी खण उघडून पाहायचे, १२ क्रमांकाच्या सुया मिळाल्या तर भाव न करता घ्यायच्या, आणि मोटारीत दोन मशीनपेक्षा जास्त भरायची नाहीत, असे ठरले आहे.